एका हाताने उघडणारा चाकू

देगलूरच्या मोहसीन आणि दयानंद यांचा भागीदारीत मांडवाचा धंदा होता. या धंद्यात एक काम वरचं असतं आणि एक खालचं. मोहसीन वरचा. तो शिडीवर चढायचा, छताचं कापड ताणायचा, झालर लावायचा आणि चुण्या अशा पाडायचा की पंगतीत बसलेली माणसं भाताचा घास हातात धरून वर बघत राहायची. दयानंद खालचा. खाली उभं राहणं सोपं वाटतं, पण एकदा उभं राहून बघा. शिडी धरायची, बांबू वर द्यायचे, सुतळीचे गुंडे नेमके फेकायचे, यजमानांना दर थोड्या वेळाने "होऊन राहिलंय, होऊन राहिलंय" म्हणायचं आणि शिडीखालून जाणारी शेळी तिथेच थांबली तर तिला समजावून पुढे पाठवायचं. हे सगळं दयानंदकडे होतं.

दोघांत मिळून चाकू एकच होता. घडीचा, लाकडी मुठीचा, करंगळीएवढ्या पात्याचा. पेरू कापायला छान. तो उघडायला मात्र दोन हात लागायचे. एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पातं ओढायचं. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाकडे दोन हात असतात. शिडीवरच्या माणसाकडे एकच असतो, कारण दुसऱ्या हाताने त्याने खांब धरलेला असतो.

मग मोहसीन पातं दाताने उघडायचा. एक दिवस वरून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि चाकूऐवजी दाताचा टवका खाली पडला. त्या दिवसापासून मोहसीनच्या बायकोने, शकिलाने, दाताने चाकू उघडायलाच बंदी केली. चाकू दयानंदकडे आला.

आता यात अडचण अशी की आमच्याकडे चाकू, कात्री असल्या धारेच्या वस्तू कुणी कुणाच्या हातात देत नाहीत. दिल्या तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं म्हणतात. म्हणून चाकू खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने तो उचलायचा. मोहसीनच्या घरीही हीच पद्धत होती, पण तो कामाच्या वेळी ती विसरायला तयार असायचा. दयानंद तयार नसायचा. दोरी बांधून झाली की मोहसीन वरून ओरडायचा, "चाकू!" दयानंद चाकू उघडायचा, शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा. मोहसीन उतरायचा, चाकू उचलायचा, पुन्हा चढायचा, दोरी कापायचा, उतरायचा, चाकू पायरीवर ठेवायचा. पुन्हा चढायचा. पुढची गाठ.

"अरे, हातात दे ना भई!"

"न्हाई."

"काय होणार हाय?"

"भांडण."

"आपलं कधी भांडण झालंय का इतक्या वर्षांत?"

"न्हाई झालं," दयानंद म्हणायचा. "कामून न्हाई झालं? मी हातात दिलाच न्हाई म्हणून."

मोहसीन उतरायचा.

अशा चढउतारांनी त्याचे गुडघे वाळलेली कुरडई मोडावी तसे वाजायला लागले. रात्री तो पाय पोटाशी घ्यायचा तेव्हा शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकायचं. शेवटी शकिलाने जाहीर केलं, "आता बस्स. उद्यापासून मांडव बंद. कलीमभाईंच्या दुकानात बसा."

कलीम हा मोहसीनचा मोठा भाऊ. त्याचं गाद्यांचं दुकान होतं. चांगलं दुकान होतं, पंखा होता. पण मोहसीनच्या तोंडचं पाणी पळालं. शिडीवरून त्याला सगळं लग्न दिसायचं. कोणता मामा रुसून गोठ्यामागे बसलाय, कोणती काकू पिशवीत लाडू भरतेय, आचारी मीठ दुसऱ्यांदा टाकतोय. गादीच्या दुकानातून काय दिसणार? समोरचं गादीचं दुकान.

"गादीवर बसलो की मला झोप लागते," तो म्हणाला. "गिऱ्हाईक येऊन शेजारी झोपेल. कलीमभाई दोघांना उठवून राहतील."

शकिला हसली नाही, पण थोडी विरघळली. तिने अट घातली. एका खांबाला एकदाच चढायचं आणि एकदाच उतरायचं. मधे चढउतार दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी गाद्या. आणि ही अट पाळली जाते की नाही हे ती स्वतः बघणार होती, कारण पुढच्या आठवड्यात बिलोलीला माणिकप्पांच्या नातीचं लग्न होतं. मांडव या दोघांचा होता आणि नवरीच्या हातावर मेंदी शकिलाच काढणार होती. शकिलाच्या मेंदीला देगलूरपासून बिलोलीपर्यंत मागणी होती.

म्हणजे शिडीवर राहायचं असेल तर चाकू मोहसीनजवळच पाहिजे, तो एका हाताने उघडायला पाहिजे, आणि माणिकप्पांच्या मांडवाला लागणारी नायलॉनची जाड दोरी त्याने कापायला पाहिजे. पेरूचा चाकू तिथे चालणार नव्हता. दोघं एस.टी.ने नांदेडला गेले.

तिथल्या इतवारा बाजारात जिलानीचाचांचं हत्यारांचं दुकान आहे. कात्र्या, विळे, करवती, अडकित्ते, सगळं भिंतीला टांगलेलं. चाचांना घाई नावाची गोष्ट माहीत नाही. त्यांनी दोघांना पाणी दिलं आणि विचारलं, "काय काय कापता?"

"सुतळी," मोहसीन म्हणाला. "नायलॉनची दोरी. कधी कापड."

"आन् कलिंगड," दयानंद म्हणाला.

"कलिंगड कशाला?"

"उन्हाळ्यात लग्नं असतात चाचा."

चाचांनी मान डोलावली. "मोठा पाहिजे तर. पण मोठा म्हणजे केवढा?"

या प्रश्नाचं उत्तर दयानंदने भिंतीवर शोधलं. त्याचं बोट एका घडीच्या चाकूवर गेलं. तो मिटलेला असतानाच वांग्याएवढा होता, उघडल्यावर दुधीएवढा झाला. दयानंदने तो हातात घेऊन छाती पुढे काढली. खिळे घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक खिळे न घेताच निघून गेलं.

"हाच," दयानंद म्हणाला.

"मिटव. खिशात घाल," चाचा म्हणाले. "आता बस."

दयानंद स्टुलावर बसला आणि "आई गं!" करून उभा राहिला. मांडीत मुठीचं टोक घुसलं होतं.

"बसायचं काम पडलं तर?" चाचांनी विचारलं.

"आमचं उभ्याचंच काम हाय."

"एस.टी.त?"

दयानंदला देगलूरपर्यंतचा रस्ता आठवला. त्याने तो चाकू काउंटरवर ठेवला.

मग त्याने एक जाडजूड चाकू निवडला. त्यात पात्याशिवाय करवत होती, चमचा होता, नखं कापायचं होतं, बाटली उघडायचं होतं आणि मुठीला शिट्टी होती. मोहसीनला मांडवावर असल्यासारखं करून बघायचं होतं, म्हणून तो स्टुलावर चढला, एका हाताने शेजारचं लोखंडी कपाट घट्ट धरलं, नजर छताकडे लावली आणि दुसऱ्या हाताने चाकू उघडला.

चमचा निघाला.

"पुन्हा," चाचा म्हणाले.

नखं कापायचं निघालं. पुन्हा केलं तर करवत निम्मी बाहेर येऊन चमच्यात अडकली.

"मी दोरी कापू का खीर खाऊ?" मोहसीन म्हणाला.

"चमच्यानं बी तुटेल की," दयानंद म्हणाला. त्याला शिट्टी आवडली होती. "हळूहळू."

"मग बटनाचा दाखवा चाचा. खट्टकन उघडणारा," मोहसीन म्हणाला.

"तसला मी ठेवत नाही," चाचा म्हणाले. "तो माणसाला घाबरवायला असतो, दोरीला नाही. खिशात आपोआप उघडला तर मांडवाऐवजी दवाखान्यात झालर लावशील."

आणि मग त्यांनी स्वतः काउंटरखालून एक काढला. दिसायला साधा. काळी, खरखरीत मूठ, घाम आला तरी निसटणार नाही अशी. पातं तळहाताएवढं लांब. पात्याच्या मुळाशी एका अंगाला एक बारीक खुंटी होती. मूठ मुठीत धरायची आणि अंगठ्याने ती खुंटी पुढे ढकलायची, की पातं बाहेर येऊन खटक्यात अडकायचं. तो खटका दाबल्याशिवाय पातं मिटत नसे. हे फार महत्त्वाचं असतं. खटका नसलेला चाकू जोर लावताना आपल्याच बोटांवर मिटतो.

चाचांनी जाड नायलॉनच्या दोरीचा तुकडा कपाटाच्या कडीला बांधला. मोहसीन पुन्हा स्टुलावर चढला. एका हाताने कपाट धरलं, नजर वर, अंगठ्याने खुंटी ढकलली. खट्. पातं दोरीवर ठेवून त्याने दाबलं. दोरी जागची हलली नाही.

"दाबू नको. ओढ," चाचा म्हणाले. "दोरी दाबून तुटत नाही, ओढून तुटते. पातं टाचेपासून, म्हणजे मुठीकडून, टोकापर्यंत सरकू दे. म्हणून मोठा चाकू. लहान पात्याला सरकायला जागाच नसते, ते तिथल्या तिथं कुरतडत बसतं."

मोहसीनने ओढलं. दोरी तुटली आणि तो स्टुलावर उभ्या उभ्या हसायला लागला. दयानंदने टाळ्या वाजवल्या. चाचांनी मुठीच्या भोकात एक गोफ ओवून दिला, म्हणजे चाकू गळ्यात राहील आणि पडणार नाही.

इथे एक गोष्ट तिघांच्याही नजरेतून सुटली. कपाट मोहसीनच्या डावीकडे होतं. तुमच्याही नजरेतून सुटली असेल तर हरकत नाही. बिलोलीला जाईपर्यंत कुणाचंच त्यामुळे काही अडलं नाही.

माणिकप्पा म्हणजे मोठ्या शेतीचा, मोठ्या पोटाचा आणि लहान दमाचा माणूस. सकाळपासून ते अंगणात येरझारा घालत होते. "मोसीन, दुपारी हळद हाय बरं! नवरी उन्हात बसवायची का मी?"

"होऊन राहिलंय," दयानंदने सांगितलं. अजून एकही खांब बांधलेला नव्हता.

ओसरीवर शकिला नवरीला, प्रियदर्शनीला, घेऊन बसली होती. तिने मुद्दाम अशी जागा धरली होती की एक डोळा मेंदीच्या कोनावर राहील आणि एक शिडीवर. नवरीच्या तळहातावर मोराची मान आकार घेत होती.

मोहसीन पहिल्या खांबाजवळच्या दुहेरी शिडीवर चढला. गळ्यात नवा चाकू. वर पोचल्यावर त्याने नेहमीसारखा खांब धरला. त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, "जो हात जास्त भरवशाचा, तो खांबाला. कामाला दुसरा." तेव्हापासून त्याचा उजवा हात खांबाला आणि सगळं काम डाव्याला. खांब नेहमी उजवीकडे. ही सवय इतकी जुनी होती की ती सवय आहे हे तो विसरून गेला होता.

त्याने छताची दोरी ओढून गाठ मारली. डाव्या हाताने चाकू धरला. अंगठा खुंटी शोधायला लागला.

खुंटी पलीकडच्या अंगाला होती.

त्याने चाकू उलटा धरून पाहिला. खुंटी अंगठ्याखाली आली, पण पातं त्याच्याच मनगटाकडे निघायला लागलं. तो घाईने थांबला. मग त्याने डाव्या हाताने खांब धरून पाहिला. खांब उजवीकडे असल्यामुळे डावा हात छातीवरून आडवा गेला, गाल खांबाला चिकटला आणि उजवा हात छाती आणि खांबाच्या मधे सापडला.

"अहो," ओसरीवरून शकिलाचा आवाज आला, "खांबाला मिठी कामून मारली?"

"बळकट हाय का बघून राहिलो!"

"लई दिवसांनी भेटला असेल, काकू," प्रियदर्शनी म्हणाली.

खालून दयानंदने कुजबुजत विचारलं, "काय झालं बे?"

"दुकानात कपाट कोणत्या बाजूला होतं?" मोहसीनही कुजबुजला.

"डाव्या."

"आन् खांब?"

दयानंदने खांबाकडे पाहिलं. मग मोहसीनकडे पाहिलं. मग शकिलाकडे पाहिलं आणि घाईने पुन्हा खांबाकडे पाहिलं. "खाली ये."

"खाली आलो की गाद्या."

"बरं, गोफ काढ, चाकू खाली सोड. मी उघडतो."

मोहसीनने गोफाला सुतळी जोडून चाकू खाली सोडला. दयानंदने तो उघडला आणि सवयीने खालच्या पायरीवर ठेवून दोन पावलं मागे सरकला.

"मी तिथून कसा उचलू?"

"वाक."

"वाकलो तर गुडघ्याचा आवाज तिला ओसरीवर ऐकू जाईल. वर चढ आन् हातात दे."

"हातात न्हाई."

"दयानंद, माझा धंदा चाललाय!"

"आन् दोस्ती? तिचं काय? हातात दिला आन् भांडण झालं तर?"

"आता काय होऊन राहिलंय?"

"हे भांडण न्हाई," दयानंद म्हणाला. "हे बोलणं हाय."

"मला तर भांडण वाटून राहिलंय!"

"वाटतंय ना? अजून हातात दिला न्हाई तर हे हाल. दिला असता तर?"

माणिकप्पा धापा टाकत आले. "काय चाललंय? अजून एकच गाठ?"

"होऊन राहिलंय," दोघं एकदम म्हणाले.

उघडं पातं सुतळीला लोंबकळत वर पाठवलं तर ते कुणालाही लागलं असतं, म्हणून दयानंदने चाकू मिटवला, सुतळीला बांधून परत वर पाठवला आणि डोकं खाजवलं. अडचण नीट मांडली की अर्धी सुटते, म्हणून त्याने ती स्वतःला मांडून सांगितली. चाकू उजव्या हाताचा. उजवा हात मोकळा करायचा तर खांब डावीकडे पाहिजे. खांब पुरलेला आहे, तो फिरणार नाही.

"तू फिर," तो वर बघून म्हणाला. "तोंड तिकडं कर."

"वरच्या वर? या गुडघ्यांनी?"

"मग शिडीच फिरवू."

"मी वर असताना?"

"तू उतरायचं न्हाई, हीच अट हाय ना?"

लिंबाच्या सावलीत माणिकप्पांचे चार पाहुणे पत्ते खेळत होते. दयानंदने त्यांना हाक मारली. चौघांनी पत्ते उपरण्यात खोचले, कारण एकमेकांवर त्यांचा भरवसा नव्हता, आणि शिडीचे चार पाय धरले. "उचला... हळू... हळू म्हणतो!" शिडी उचलली गेली. मोहसीनने दोन्ही हातांनी शिडीचा माथा धरला आणि डोळे मिटले.

नेमकी त्याच वेळी फाटकातून बँजोपार्टी आत येत होती. त्यांनी पाहिलं, की लग्नघरात एक माणूस सगळ्यांच्या डोक्यावर बसलाय, गळ्यात गोफ आहे आणि चार माणसं त्याला मिरवत आहेत. बँजोवाल्यांनी कुणाला काही विचारलं नाही. अशा वेळी विचारायचं नसतं, वाजवायचं असतं.

वाजलं. आणि चारही पाहुण्यांच्या पायांनी ठेका धरला.

"नाचू नका! ए! नाचू नका रे!" मोहसीन एक हात सोडून हलवत वरून ओरडत होता. लांबून तो हात वर करून आणखी जोरात वाजवायला सांगतोय असं दिसत होतं. बँजोवाल्यांनी आवाज वाढवला. शिडी डावीकडे झुकायची, मग उजवीकडे झुकायची. पोरं गोळा झाली. आतून माणिकप्पांची चुलती, सिंधुअज्जी, डोळ्यांवर हात धरत बाहेर आली. तिला कमी दिसायचं, पण बँजो ऐकू यायचा. तिने मूठभर अक्षता मोहसीनवर टाकल्या आणि शेजारणीला म्हणाली, "नवरदेव जरा पिकलेला वाटतो गं."

प्रियदर्शनी इतकी हसली की तिचा हात हलला. शकिलाच्या कोनाने मोराच्या मानेतून एक रेघ सरळ अंगठ्यापर्यंत ओढली. आता तो मोर राहिला नव्हता. लांब चोचीचा बगळा झाला होता.

शकिला सावकाश उठली आणि तिने हाताचा पंजा वर केला. बँजो थांबला. पाहुणे थांबले. शिडी खांबाच्या पलीकडे टेकली. मोहसीनने एक डोळा उघडला. खांब डावीकडे होता. त्याने डाव्या हाताने तो धरला. हात जरा बावचळला, पण धरला. उजव्या हाताने चाकू घेतला, अंगठ्याने खुंटी ढकलली.

खट्.

टाचेपासून टोकापर्यंत एकदा ओढलं आणि जाड दोरी तुटून खाली पडली. सगळ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या. सिंधुअज्जीने आणखी अक्षता टाकल्या.

पुढच्या खांबासाठी मोहसीन रीतसर उतरायला निघाला, तर पाहुणे म्हणाले, "बसा बसा, आम्ही नेतो." त्यांना पत्त्यांपेक्षा हे आवडलं होतं. दयानंदने पुढे होऊन बँजोवाल्यांना गप्प बसवलं आणि सगळ्यात जास्त नाचणाऱ्या दोघांऐवजी दोन शांत गडी लावले. मोहसीन खांबामागून खांब फिरला. मधे त्याला भजी वर पाठवली. चहा पाठवला, तो निम्मा त्याच्या पायावर सांडला. हळदीच्या आधी छत तयार होतं, झालर लागली होती, आणि लोक येता येता वर बघून ठेचकाळत होते.

सगळं झाल्यावर मोहसीन खाली उतरला. पाय जमिनीला लागले तेव्हा शकिला समोर उभी होती.

"एकदाच चढलो," मोहसीन लगेच म्हणाला. "सगळ्या मांडवाला मिळून एकदा. अट तर एका खांबाची होती."

"हाव भाभी," दयानंद म्हणाला. "उलट चढउतार शिल्लक राहिली."

"चार माणसं शिडी घेऊन नाचून राहिली होती," शकिला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून दोघं जास्त घाबरले. "तुमचा हात सुटला असता तर? मी गुडघे वाचवा म्हटलं होतं, मान मोडा म्हटलं नव्हतं."

मोहसीनने एकदा वर पाहिलं. चुण्या अगदी एकसारख्या पडल्या होत्या. शकिलानेही वर पाहिलं. ती जरा वेळ बघत राहिली.

तेवढ्यात माणिकप्पा घाम पुसत आले. "मोसीन, दिवाळीनंतर पुतण्याचं लग्न हाय. मांडव तुमचाच. पण त्यो शिडीवरून मिरवायचा कार्यक्रम बी पाहिजे बरं का. पाहुण्यांना लई आवडला."

"त्यो कार्यक्रम बंद झाला," शकिला म्हणाली. "मांडव मिळेल."

मोहसीनने दयानंदकडे पाहिलं. मांडव मिळेल, असं ती म्हणाली होती.

"म्हणजे गाद्या..."

"आधी चाकू दाखवा."

तिने चाकू नीट पाहिला. खुंटी पाहिली. कोणत्या अंगाला आहे ते पाहिलं. "घेताना वर चढून बघितला नव्हता?"

"चढलो होतो की. स्टुलावर."

"खांब कोणत्या हातानं धरला?"

"कपाट होतं," मोहसीन म्हणाला. "जिकडं होतं तिकडच्या हातानं."

"चाकू बदलायचा," शकिला म्हणाली. "आन् या वेळी मी येणार."

जिलानीचाचा म्हणाले, वापरलेला चाकू परत घेता येत नाही. पण तो वाया गेला नाही. दयानंद जमिनीवरचा माणूस, उजव्या हाताने काम करणारा, त्याला तो बरोबर बसत होता, आणि तो खिशात घालून एस.टी.त बसताही येत होतं. कलिंगडांचा प्रश्न सुटला.

मोहसीनसाठी शकिलाने स्टूल मागवलं आणि ते दुकानाच्या मधोमध ठेवलं. डावीकडे कपाट, उजवीकडे चाचांचं लाकडी फडताळ, दोन्ही हातभर अंतरावर.

"चढा," ती म्हणाली.

मोहसीन चढला. "कोणता हात धरू?"

"काही धरू नका. वर बघा. झालर बघून राहिलात असं समजा."

मोहसीनने वर पाहिलं. शकिलाने स्टुलाला पायाने एक धक्का दिला.

"या अल्ला!" मोहसीनने फडताळ धरलं. उजव्या हाताने. वरचा खिळ्यांचा डबा हलला आणि चाचांनी तो पोटाने अडवला.

"हा हात खांबाचा," शकिला चाचांना म्हणाली. "चाकू दुसऱ्या हाताचा दाखवा."

चाचांनी डबा जागेवर ठेवला. मग म्हणाले, "बेटी, हे मी विचारायला पाहिजे होतं." आणि आत जाऊन त्यांनी दुसरा चाकू आणला. तेवढाच मोठा, तसाच खटका, पण खुंटीऐवजी पात्याला आरपार एक गोल भोक होतं. डावा अंगठा असो की उजवा, भोकात टेकवून ढकलायचं. आतल्या खटक्यापर्यंतही दोन्ही हातांचा अंगठा पोचत होता. मिटवताना पात्याच्या वाटेत बोट ठेवायचं नाही, एवढंच चाचांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

मोहसीनने उजव्या हाताने फडताळ धरलं आणि डाव्याने ढकललं. पहिल्यांदा पातं निम्मंच आलं. दुसऱ्यांदा थोडं जास्त. नंतर खट् वाजलं. चाचांनी कडीला बांधलेली दोरी त्याने टाचेपासून टोकापर्यंत ओढून तोडली.

"बसला हातात?" शकिलाने विचारलं.

"हाव."

"मग उद्या भोकरचा मांडव हाय ना? चढा."

मोहसीनने चाकू मिटवला. उघडला. मिटवला. पुन्हा उघडला.

"मोहसीनमियाँ," चाचा म्हणाले, "आता स्टूल मोकळं करता का? माझं गिऱ्हाईक उभं आहे."

"एकदा," मोहसीन म्हणाला. "एकदाच बघून राहिलो."

आणि त्याने दुसरी दोरी मागितली.